खिशात मावणारे शस्त्र : लपवण्याच्या पाचशे वर्षांचा हिशेब (थ्रेड)

१/ अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने परवा फोनवर विचारले, "कपड्यांखाली लपेल असे एखादे लहान पिस्तूल घ्यावे म्हणतो. तू इतिहास शिकतोस, तुझे मत काय?" तो रात्रपाळी करतो आणि पहाटे निर्जन वाहनतळातून गाडीपर्यंत एकटा चालत जातो. त्याच्या राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला पिस्तूल जवळ बाळगण्यासाठी परवानाही लागत नाही. त्याचा प्रश्न नळीची लांबी आणि वजन यांविषयी होता. मला त्यात पाचशे वर्षांचा वाद दिसला. हा थ्रेड म्हणजे त्याला दिलेले लांबलेले उत्तर.

२/ माझे मत आधीच सांगतो. लपवलेल्या शस्त्राचा लाभ प्रथम हात उचलणाऱ्याला होतो. स्वतःचा बचाव करू पाहणाऱ्याला तो फार थोडा मिळतो. तरीही ते कोणी बाळगावे हे ठरवण्याचा अधिकार डोळे झाकून सरकारच्या हाती सोपवावा, असे इतिहास सांगत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि खरी अडचण तिथेच आहे.

३/ सुरुवात तोड्यापासून करू. आरंभीच्या तोड्याच्या बंदुकीला बार उडवण्यासाठी सतत जळती वात लागे. तिचा वास येई, अंधारात निखारा दिसे. अशी बंदूक अंगरख्याखाली लपवणे म्हणजे स्वतःलाच आग लावून घेणे. सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात चाकाच्या घर्षणाने ठिणगी पाडणारी कळ आली आणि ही अडचण संपली. आता बार भरून, कळ चढवून शस्त्र तासन्‌तास झग्याखाली ठेवता येऊ लागले.

४/ राज्यकर्त्यांना धोका लगेच कळला. पवित्र रोमन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५१७-१८ च्या सुमारास अशा आपोआप पेटणाऱ्या हातबंदुकांवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५४१ च्या कायद्याने, एक वारापेक्षा आखूड हातबंदूक निषिद्ध ठरली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, कायद्याने बंदुकीची शक्ती मोजली नाही, लांबी मोजली. लांब बंदूक अधिक संहारक असूनही कायद्याला भय आखूड बंदुकीचे होते, कारण ती दिसत नव्हती.

५/ ते भय खरे ठरले. १० जुलै १५८४ रोजी नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याला बाल्थाझार जेरार याने त्याच्या निवासस्थानी, जिन्यापाशी, पिस्तुलाने ठार केले. राज्यप्रमुखाची पिस्तुलाने झालेली ही पहिली हत्या मानली जाते. मारेकरी तटबंदी फोडून आला नव्हता. भेटीचे निमित्त काढून, ओळखीचा माणूस म्हणून तो आत आला होता.

६/ लहान पिस्तुलाला सामान्यनाम मिळाले ते अमेरिकेत. फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर याने तळहातात मावणारी, एकच बार उडवणारी पिस्तुले बनवली. बार एकच असल्याने ग्राहक ती बहुधा जोडीने विकत घेत. नक्कल इतकी झाली की त्याला न्यायालयात जावे लागले. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड्‌स नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथ याने राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली, ती याच प्रकारच्या पिस्तुलातून. पुढे कारागिराचे आडनाव एका अक्षराच्या फेरफाराने इंग्रजी शब्दकोशात शिरले.

७/ येथे थोडे यंत्रशास्त्र पाहू. पिस्तूल लहान केले की काही गोष्टी गमवाव्या लागतात. नळी आखूड झाल्याने गोळीचा वेग घटतो. नेम धरण्याच्या पुढच्या-मागच्या खुणांमधील अंतर कमी झाल्याने हाताची बारीकशी चूकही मोठी ठरते. वजन कमी असल्याने धक्का अधिक बसतो. मूठ लहान असल्याने पकड अपुरी राहते आणि काडतुसेही कमी मावतात. म्हणजे लहान पिस्तूल चालवायला मोठ्याहून अवघड असते. बहुतेक नवखे लोक मात्र 'सोपे' समजून तेच निवडतात.

८/ हे गणित बदलण्याचे श्रेय जॉन मोझेस ब्राउनिंग याला जाते. अमेरिकेतील यूटा राज्यातला हा संशोधक. त्याची रचना बेल्जियममधील लिएज शहराजवळच्या हेर्स्टाल येथील एफएन कारखान्याने उत्पादनात आणली आणि १९०० चे मॉडेल जगभर गेले : चपटे, स्वयंभरणाचे, मुठीत मॅगझिन असलेले. पुढे कोल्टच्या १९०३ च्या नमुन्यात घोडा आतच दडवला गेला, जेणेकरून तो कपड्यात अडकू नये. १९०६ च्या सुमारास आलेले बंडीच्या खिशातले ब्राउनिंग जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर लांब होते. फ्रेंच भाषेत तर 'ब्राउनिंग' हा शब्दच पिस्तूल या अर्थी वापरला जाऊ लागला.

९/ आता १९०९ हे वर्ष पाहा. २६ ऑक्टोबरला मंचुरियातील हार्बिन रेल्वे स्थानकावर कोरियन देशभक्त आन जुंग-गुन याने जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना एफएनच्या १९०० च्या मॉडेलने ठार केले. दोन महिन्यांच्या आत, २१ डिसेंबरला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्याही हाती ब्राउनिंगच होते. हार्बिन आणि नाशिक यांच्यामध्ये हजारो मैलांचे अंतर, पण शस्त्र एकाच संशोधकाच्या कल्पनेतून उतरलेले.

१०/ नाशिकची कथा आपल्याला ठाऊक असते ती वीरकथा म्हणून. तिची वस्तुरूप बाजू कमी सांगितली जाते. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर, पेटीच्या चोरकप्प्यातून, हिंदुस्थानात धाडली होती. लांब बंदूक या मार्गाने आली नसती. जॅक्सन यांच्या बदलीनिमित्त 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवला होता. भरगच्च नाट्यगृहात एका सतरा वर्षांच्या मुलाकडे कोणी संशयाने पाहिले नाही, कारण पाहण्याजोगे काही दिसतच नव्हते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले.

११/ २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे गाव्ह्रिलो प्रिन्सिप याने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड व त्यांची पत्नी सोफी यांना मारले, ते एफएनच्या १९१० च्या मॉडेलने. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर नथुराम गोडसेने तीन गोळ्या झाडल्या, त्या इटालियन बेरेटा एम १९३४ मधून. हेही खिशात मावणारे पिस्तूल. नमस्कार करण्याच्या अंतरावरून ते झाडले गेले.

१२/ या सर्वांचे हेतू एका तराजूत तोलणे हा माझा उद्देश नाही. साम्राज्याशी झुंजणारा क्रांतिकारक आणि निःशस्त्र वृद्धाचा मारेकरी यांना मी एक मानत नाही. मी केवळ यांत्रिक साम्य दाखवतो आहे. प्रत्येक प्रसंगी वेळ कोणती हे एकालाच ठाऊक होते. लपवलेल्या शस्त्राची अर्धी ताकद या माहितीत असते. बचाव करणाऱ्याकडे ती नसते. हल्ला होतो आहे हे त्याला आधी कळावे लागते, मग कपडा दूर करायचा, मग शस्त्र काढायचे, मग नेम धरायचा. तोवर पहिली गोळी सुटलेली असते.

१३/ यावर एक रास्त आक्षेप येईल : इतिहास मारेकऱ्यांची नोंद ठेवतो, बचावलेल्यांची नाही. पिस्तूल दाखवताच चोर पळाला, ही घटना कोणत्याही दप्तरात जात नाही. आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच हत्यांच्या यादीवर न थांबता कायद्यांकडे पाहू, कारण तेथे सामान्य माणसांचे भय नोंदलेले असते.

१४/ आज आश्चर्य वाटेल, पण अमेरिकेत लपवून शस्त्र बाळगण्यास बंदी करणारे आरंभीचे कायदे शस्त्रप्रेमी दक्षिणेकडच्या राज्यांतून आले : केंटकी आणि लुइझियाना, दोन्ही १८१३ मध्ये. केंटकीचा कायदा तेथील न्यायालयाने १८२२ मध्ये रद्द केला. लुइझियानाच्या न्यायालयाने मात्र १८५० मध्ये असे मत दिले की, शस्त्र उघड बाळगणे हा हक्क आहे, तर लपवून बाळगण्याने कपटी हल्ल्यांना वाव मिळतो. त्या समाजाच्या दृष्टीने कमरेला दिसणारे पिस्तूल हे प्रामाणिकपणाचे लक्षण होते आणि कोटाखालचे पिस्तूल भेकडपणाचे.

१५/ न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या जानेवारीत कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहॅम फिलिप्स यांची भररस्त्यात हत्या झाली. त्याच वर्षी सलिव्हन कायदा आला आणि अंगावर लपवता येईल एवढ्या आकाराच्या शस्त्राला परवाना आवश्यक ठरला. पुन्हा मोजपट्टी! आठव्या हेन्रीचा वार आणि सलिव्हनचा खिसा यांत तर्क एकच आहे.

१६/ कायदा मोजमाप ठरवतो तेव्हा कारखानदारही मोजपट्टी काढतो. रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर १९६८ च्या कायद्याने लहान पिस्तुलांच्या आयातीवर आकारमानाची अट आली. जर्मन वॉल्थर पीपीके त्या अटीत थोडक्यात बसेना, तेव्हा कंपनीने त्याला थोरल्या भावंडाचा सांगाडा जोडून किंचित उंच 'पीपीके/एस' बाजारात आणले. १९९४ मध्ये नव्या मॅगझिनला दहा काडतुसांची मर्यादा आली. मग मोठे पिस्तूल घ्यावेच कशाला, असा विचार बाजाराने केला आणि ग्लॉक २६ सारखी आखूड पिस्तुले लोकप्रिय झाली. २०१८ च्या सिग पी३६५ ने तर तीच दहा काडतुसे आणखी लहान मुठीत बसवली. माझा भाऊ ज्या दुकानात गेला, तेथील कपाट अशा कायद्यांनीही घडवले आहे.

१७/ दरम्यान प्रतिष्ठेची कल्पना उलटली. फ्लोरिडाने १९८७ मध्ये पात्र अर्जदाराला परवाना देणे प्रशासनावर बंधनकारक केले आणि अनेक राज्ये त्या वाटेने गेली. २०२२ च्या ब्रूएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची 'विशेष कारण दाखवा' ही जुनी अटही रद्द केली. आता शहरात उघड पिस्तूल लटकवणारा उद्धट वाटतो आणि लपवणारा सभ्य. १८५० च्या न्यायाधीशांना हे ऐकून भोवळ आली असती.

१८/ समर्थक म्हणतात, कोणाच्या खिशात काय आहे हे ठाऊक नसल्याने गुन्हेगार सर्वांनाच भिऊन वागेल. युक्तिवाद चतुर आहे. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून असे म्हटले की, अशा कायद्यांनी गुन्हे घटतात किंवा वाढतात, यांपैकी कोणताही निष्कर्ष या पुराव्यांतून काढता येत नाही. शिवाय हीच अनिश्चितता पोलिसाच्या आणि शेजाऱ्याच्या मनातही शिरते, हे समर्थक विसरतात.

१९/ तर मग परवाना सरकारच्या मर्जीवर सोडावा का? येथे मी थबकतो. १८७८ च्या हिंदुस्थानी शस्त्र कायद्यात भारतीयाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट होती. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून याविरुद्ध आवाज उठला. नाशिकची पिस्तुले चोरकप्प्यातून आली, त्यामागे हा भेदभावही उभा आहे. अमेरिकेत ३० जानेवारी १९५६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब फेकला गेला. त्यांनी शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला आणि अलाबामाच्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला. त्यांच्याहून अधिक धोका कोणाला होता? पुढे त्यांनी स्वतःहून घरात शस्त्र न ठेवण्याचा निर्णय घेतला, ती गोष्ट वेगळी. परवाना ज्याच्या मर्जीवर, त्याचे पूर्वग्रह परवान्यावर उमटतात.

२०/ आपल्याकडे २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे .३२ चे रिव्हॉल्व्हर आणले. सुमारे अर्धा किलो वजन, पर्समध्ये मावणारे, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. दिल्लीतील अत्याचारानंतरच्या संतापाला राज्यसंस्थेने दिलेले हे एक उत्तर होते. मला ते उत्तर अपुरे वाटते. रस्त्यावरचा दिवा, रात्रीची बस आणि तक्रार नोंदवून घेणारे पोलीस ठाणे ही सार्वजनिक जबाबदारी. ती अर्ध्या किलोच्या धातूत ओतून ज्या स्त्रीला सव्वा लाख परवडतात तिच्या हाती दिली, तर उरलेल्यांचे काय?

२१/ भावाला मी मॉडेलचे नाव सांगितले नाही. एवढेच सांगितले की, लहान पिस्तूल घेतलेस तर मोठ्याहून अधिक सराव करावा लागेल. आठवड्याचे ते तास तुझ्याकडे आहेत का, ते पाहा. रात्री घरी आल्यावर ते कोठे कुलूपबंद होईल, हे आधी ठरव, कारण तुझी मुलगी आता उंच कपाटापर्यंत पोहोचते. आणि अमेरिकेत दरवर्षी बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. मनाची एखादी वाईट रात्र येते तेव्हा खिशातले शस्त्र सर्वांत जवळ असते, ते स्वतःच्याच. या तिन्हींची उत्तरे देता आली, तर निर्णय तुझा. न आली, तर वाहनतळात दिवे लावण्याची आणि सुटल्यावर दोघांनी मिळून निघण्याची मागणी कामाच्या ठिकाणी आधी कर.

२२/ तो म्हणाला, "म्हणजे तू नको म्हणतोस." मी म्हणालो, होय, मी असतो तर घेतले नसते. पण तुला पहाटे त्या वाहनतळातून चालावे लागते, मला नाही. म्हणून माझ्या नकाराला किती वजन द्यायचे ते तू ठरव. त्याने अजून काही ठरवलेले नाही. मतभेद असतील तर अवश्य मांडावेत. (समाप्त)