सही न करणारे छत्रपती

जव्हारचा जयविलास राजवाडा बघायला आलेले पाहुणे हमखास विचारतात, "इंग्रजांनी तुमच्या राजांना त्रास दिला नाही का?" जव्हारच्या मुकणे राजांची गादी १९४८च्या विलीनीकरणापर्यंत टिकली, हे खरं. पण इंग्रजी सत्ता काय चीज होती ते टिकलेल्या गादीवरून कळत नाही, हिरावून घेतलेल्या गादीवरून कळतं. नाभ्याचे शीख महाराज रिपुदमनसिंग यांना १९२३ मध्ये इंग्रजांनी गादी सोडायला लावली, तेव्हा अकालींनी जैतोला मोर्चा लावला. आपल्याकडे हेच ८४ वर्षं आधी सातार्‍यात घडलं होतं.

सातार्‍याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना ईस्ट इंडिया कंपनीनेच गादीवर बसवलं. १८१९च्या तहात मात्र एक कलम घातलं: इंग्रजांना विचारल्याशिवाय बाहेरच्या कोणाशी पत्रव्यवहार करायचा नाही. पुढे जहागिरींच्या हक्कावरून महाराज अडून बसले, आणि हेच कलम त्यांच्या गळ्याशी आलं. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, पलटणीतले शिपाई फितवले, असे आरोप झाले. चौकशी बंद दाराआड झाली. १८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक स्वतः सातार्‍याला आला. तह मोडल्याचं कबूल करून सही करा, गादी राहील, असं त्याचं म्हणणं. महाराजांनी सही केली नाही. जे केलं नाही ते कबूल कसं करायचं?

५ सप्टेंबरच्या पहाटे रेसिडेंट ओव्हान्सने त्यांना झोपेतून उठवून पालखीत बसवलं. आधी जवळच्या लिंब गावी नेलं, तिथून काशीला. धाकटे भाऊ शहाजी गादीवर आले. सातारा १८४८ला खालसा झाला असं आपण शिकतो. मला विचाराल तर तो त्या पहाटेच गेला.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळजवळ १४ वर्षं तिथे दारं ठोठावत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, तरी रंगो बापूजी परतले नाहीत. ते आले १८५३ला, रिकाम्या हाताने. १८५७च्या उठावात ते बेपत्ता झाले, आणि त्यांच्या मुलाला, सीतारामला, सातार्‍यात फाशी झाली.

नाभ्यासाठी जथेच्या जथे तुरुंगात गेले. सातार्‍यासाठी हा एक वकील झिजला. सातार्‍याला गेलात तर अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी 'चार भिंती' नावाच्या ठिकाणी जरूर जा. तिथे त्याचं स्मारक आहे.

– जव्हारकर