ब्रेकमध्ये ऑइल ओतण्याआधी

पावसाळ्यात रविवारी सकाळी येऊरच्या उतारावर सायकली दिसण्याआधी ऐकू येतात. वळणावरून आधी ओल्या डिस्कची किंकाळी येते, मग सायकलस्वार. दोन-चारदा ब्रेक दाबल्यावर तो आवाज थांबला तर काळजीचं कारण नाही. डिस्कवरचं पाणी पुसलं जातं आणि पॅड पुन्हा पकडतात. पण आवाज थांबतच नसेल, लिव्हर पूर्ण दाबूनही सायकल पुढेच जात असेल, तर ब्रेक खरोखर बिघडलाय. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमध्ये अशी माउंटन बाइक नेहमीच्या दुकानात नेली, की बहुतेकदा एकच निदान कानावर येतं: ‘ऑइल संपलंय, टाकून देतो.’ हे निदान बहुधा चुकीचं असतं आणि त्यावरचा उपाय धडधाकट ब्रेकची कायमची वाट लावू शकतो.

हायड्रॉलिक ब्रेकमधलं ऑइल पेट्रोलसारखं खर्च होत नाही. हँडलवरच्या लिव्हरपासून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत ती एक बंद नळी आहे. द्रवाला एका टोकाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, या पास्कलच्या सतराव्या शतकातल्या नियमावर ती चालते. पॅड झिजत जातात तसे पिस्टन थोडे पुढे येऊन थांबतात आणि त्यांच्या मागची जागा लिव्हरजवळच्या टाकीतलं ऑइल भरून काढतं. म्हणजे टाकीतली पातळी उतरली तरी ऑइल कुठे गेलेलं नसतं, पॅड झिजलेले असतात. अशा वेळी वरून ऑइल भरलं, तर नवे पॅड बसवताना पिस्टनला मागे सरकायला जागाच उरत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात आणि मग ‘डिस्क वाकडी झालीये’ हे पुढचं निदान होतं. ऑइल खरंच कमी होत असेल, तर ते कुठून तरी गळतंय. ती गळती शोधायची असते. वरून भरत राहून ती थांबत नाही.

खरं निदान बोटांना कळतं. लिव्हर मऊ लागतो, हँडलपर्यंत येतो, तीन-चार वेळा भराभर दाबल्यावर थोडा कडक होतो, असं असेल तर नळीत हवा आहे. हवा दबते, द्रव दबत नाही, म्हणून हाताचा जोर पॅडपर्यंत पोचत नाही. यावर उपाय हवा काढण्याचा, म्हणजे ब्लीड करण्याचा. पण लिव्हर नीट कडक आहे, जागेवर थांबतोय आणि तरी चाक थांबत नाही, तर नळीतलं सगळं ठीक आहे. बिघाड पॅड आणि डिस्क जिथे भेटतात तिथे आहे. या दुसऱ्या ब्रेकला ब्लीड करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आपल्याकडे तक्रारी मात्र जास्त याच प्रकारच्या दिसतात.

आणि त्याचं कारण आपल्याच सवयींत आहे. दसऱ्याला सायकल धुऊन, चकचकीत पुसून, साखळीला तेलपाणी करून हार घालायची चांगली रीत आहे. त्या उत्साहात साखळीवर मारलेल्या स्प्रेचा फवारा मागच्या डिस्कवर बसतो. वॉशिंग सेंटरवर मोटारीसोबत सायकलही पॉलिश होते. कुणी आवाज बंद व्हावा म्हणून थेट डिस्कलाच डब्ल्यूडी-४० मारतं. आवाज बंद होतो आणि त्यासोबत ब्रेकही. रेझिन पॅड सच्छिद्र असतात, तेल पिऊन घेतात. ते गॅसवर भाजून, पॉलिश पेपरने घासून परत वापरण्याचे प्रयोग बरेच चालतात. पृष्ठभाग नुसता गुळगुळीत झाला असेल तर घासण्याचा उपयोग होतो. तेल आत मुरलं असेल तर पॅड टाकून द्यावा. डिस्क मात्र वाचते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ फडक्याने पुसायची आणि त्यानंतर तिला बोट लावायचं नाही. नव्या पॅडची पकड लगेच येत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून जवळपास थांबेपर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावावा, चाक न अडकवता. पॅडचा पातळ थर डिस्कवर चढला की पकड येते. हे न करता थेट उतारावर गेलेली सायकल नव्या पॅडनेही थांबत नाही.

झीज हा या पट्ट्यातला दुसरा मोठा विषय. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ चं काम, कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो १२ चं. पावसात सिमेंट, रेती आणि चिखलाचं पाणी चाकांवर उडतं आणि ते पॅडला सतत घासत राहतं. शिमानोच्या पॅडचा मसाला ०.५ मिमी उरला की बदलायचा आणि १.८ मिमीची डिस्क १.५ मिमीवर आली की तीही बदलायची, असं कंपनी सांगते. धातूचे सिंटर्ड पॅड चिखलात जास्त टिकतात, पण ते घेण्याआधी डिस्क तपासावी. स्वस्त सायकलींच्या डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चुकीच्या ऑइलने. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांचे सायकलचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. शिमानोचं लालसर, मागुराचं निळं. स्रॅमचे बहुतेक जुने ब्रेक डॉट ५.१ या वेगळ्या जातीच्या ब्रेक ऑइलवर चालतात, तर त्याच कंपनीचे डीबी८ आणि मेव्हन मिनरल ऑइलवर. नुसतं कंपनीचं नाव पाहून ठरवता येत नाही. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये हाताशी असते ती डॉट ३ किंवा डॉट ४ ची बाटली, आणि ‘ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल’ म्हणून तीच सायकलला लागते. मिनरल ऑइलसाठी केलेले रबरी सील डॉटमध्ये फुगतात. पहिले काही दिवस ब्रेक चांगला वाटतो, मग पिस्टन अडकतात, लिव्हर परत येत नाही. सील बहुतेकदा सुटे मिळत नाहीत, त्यामुळे अख्खा ब्रेक बदलावा लागतो. डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल गेलं तरी हेच होतं.

डॉटचा आणखी एक स्वभाव खाडीकाठच्या दमट हवेत महत्त्वाचा. ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून गेलेल्यांना परतीचा लांब उतार माहीत आहे. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरलं, तर २०० मीटर खाली येताना सुमारे १७६ किलोज्यूल ऊर्जा सुटते. काही भाग वारा खातो. पण ती सगळी ब्रेकमध्ये गेली, तर तिच्यावर अर्ध्या लिटरहून अधिक पाणी उकळेल. उतारभर ब्रेक हलका धरून ठेवला की डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. द्रवातलं पाणी उकळलं की वाफ होते, आणि वाफ दबते; मग लिव्हर अचानक हँडलला टेकतो. थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडणं, ही घाटातली खरी पद्धत. डॉटचं ऑइल वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, बदलावंच.

पंक्चर काढताना सायकल उलटी उभी करायची पद्धत तर सगळीकडे आहे. लिव्हरजवळच्या टाकीत हवेचा लहानसा बुडबुडा असू शकतो. सायकल उलटी केली की तो नळीकडे निघतो आणि त्याच वेळी कुणी लिव्हर दाबला तर आत शिरतो. सायकल सरळ करून, लिव्हर दहा-बारा वेळा दाबून, कडकपणा तपासूनच वर बसावं. चाक बाहेर काढलेलं असताना लिव्हर दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात. अशा वेळी स्क्रूड्रायव्हर घालण्यापेक्षा प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन हळूच मागे ढकलावेत.

दोष गॅरेजच्या कारागिरांवर ढकलणं अन्यायाचं ठरेल. त्यांचा हात चांगला आहे. मोटरसायकलच्या ब्रेकची हवा काढणाऱ्याला सायकलची जमणारच नाही असं नाही. त्यांच्याकडे योग्य सिरिंज नाही, योग्य बाटली नाही, आणि कुणी शिकवलेलंही नाही. ही जबाबदारी सायकल विकणाऱ्यांची आहे. हायड्रॉलिक ब्रेकची सायकल शोरूममध्ये वैशिष्ट्य म्हणून विकायची आणि चार महिन्यांनी ग्राहकाला ‘पॅड मागवावे लागतील’ म्हणायचं, हे बंद व्हायला हवं. जो ब्रेक विकला त्याचे पॅड आणि त्याचं ऑइल दुकानात असायलाच हवं. कोणतं ऑइल आणि कोणत्या नंबरचा पॅड, हे बिलावर आणि सायकलच्या दांड्यावर स्टिकर लावून मराठीत लिहायला फारसा खर्च येत नाही. ते होईपर्यंत ग्राहकाने बाटली उघडण्याआधी हातात घेऊन वाचावी. लिव्हरच्या टाकीवर मिनरल ऑइल लिहिलेलं असेल आणि बाटलीवर डॉट, तर सायकल तशीच ढकलत घरी न्यावी.