डोंगर कुणाच्या बापाचा?

आपल्याकडचं मुस्लिम कुटुंब घराबाहेर पडतं ते चार कारणांसाठी: लग्न, मयत, दवाखाना आणि दर्गा. पैसा जमला तर पाचवं कारण, उमराह. नुसतं चालायला, डोंगर बघायला, पोरांना झाडाखाली बसवून डबा खायला सगळ्यांनी मिळून बाहेर पडणं म्हणजे मोहल्ल्याच्या भाषेत उडाणटप्पूपणा. आणि ती इच्छा बाईनं बोलून दाखवली तर तिला काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी मिरजेचा. याच मोहल्ल्यात वाढलो, सांगलीत इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात कोड लिहितो. त्यामुळे बाहेरून येऊन नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही.

२०२५ च्या जुलैत आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही स्टॉकहोम, ऑस्लो, एडिंबरा, मँचेस्टर आणि लंडन असा प्रवास केला. आम्ही म्हणजे अम्मी, माझी बायको, सात वर्षांची मुलगी आणि मी. अम्मी त्रेसष्ट वर्षांची आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात. आपा स्टॉकहोमला नोकरी करते आणि मँचेस्टरला बायकोच्या खालाची मुलगी राहते, म्हणून राहण्याचा खर्च वाचला. नाहीतर हे जमलंच नसतं. साठवलेली सगळी रजा गेली, वर थोडी बिनपगारी. मामूंनी जायच्या आधी विचारलंच, "एवढ्या पैशात अम्मीचा दुसरा उमराह झाला असता, नाही का?" अम्मीनंच उत्तर दिलं, "एक केलाय. आता लेकीचं घर बघते."

व्हिसाबद्दल थोडं सांगतो, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. स्वीडन आणि नॉर्वे शेंगेनमध्ये येतात, ब्रिटन येत नाही. म्हणजे अर्ज दोन, फी दोन, बोटांचे ठसे दोनदा. शेंगेनची फी माणशी ९० युरो होती, ब्रिटनची १२७ पौंड. लहान मुलांना शेंगेनमध्ये सवलत मिळते, ब्रिटनमध्ये मिळत नाही. बँकेची स्टेटमेंटं, ऑफिसचं पत्र, अम्मीच्या पासपोर्टवरचं आणि आधारवरचं नाव जुळवणं यातच दोन महिने गेले. एका देशातून दुसऱ्यात जाताना आपल्या पासपोर्टवाल्याला नुसत्या कागदांनीच घाम फुटतो.

पण मला लिहायचं आहे ते चालण्याबद्दल.

आपाच्या घरामागं दहा मिनिटांवर जंगल आहे. पाईन, बर्च, मोठमोठे गुळगुळीत खडक आणि पायाखाली ब्लूबेरीची गुडघ्याएवढी झुडपं. पहिल्याच दिवशी मुलगी त्यात शिरली आणि अम्मी ओरडली, "अगं, कुणाची बाग आहे ती, विचारलंस का?" आपा हसली. जंगल एका खाजगी मालकाचं होतं, आणि तरी विचारायची गरज नव्हती. स्वीडनमध्ये 'आल्लेमान्सरेत्तेन' नावाचा हक्क आहे, शब्दशः 'प्रत्येक माणसाचा हक्क'. जमीन कुणाचीही असो, तिच्यावरून चालता येतं, तळ्यात पोहता येतं, एखादी रात्र तंबू ठोकता येतो, रानातली फळं आणि अळंबी घेता येतात. घराच्या अंगणात शिरायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही, काही मोडायचं नाही. मुळात ही जुनी रीत, पण १९९४ पासून तिचा उल्लेख स्वीडनच्या राज्यघटनेत आहे. नॉर्वेनं यासाठी १९५७ साली स्वतंत्र कायदाच केला. तिथं शेतजमीन आणि मोकळं रान असा फरक आहे, आणि तंबू राहत्या घरापासून किमान १५० मीटर लांब हवा. ऑस्लोत तर मेट्रोचा एक नंबर पकडला की शेवटचं स्टेशन जंगलातच. अम्मी फ्रोग्नरसेटेरेनला उतरून कठड्याला टेकली आणि खाली अख्खं शहर आणि फ्योर्ड बघत राहिली. गुडघ्यांनी तक्रार करावी असं काही केलंच नव्हतं आम्ही. तिकीट काढलं होतं, बस्स.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हा हक्क नागरिकत्वाला जोडलेला नाही. मालकाला, भाडेकरूला, पाहुण्याला आणि काल विमानातून उतरलेल्या मिरजेच्या बाईलाही तो सारखाच लागू होतो. डोक्यावर दुपट्टा आहे की नाही, हे ब्लूबेरीच्या झुडपाला विचारायचं नसतं. अम्मीला हे पटायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ती स्वतःच स्टीलचा डबा घेऊन निघाली. करवंदं काढायची सवय हाताला होतीच. लहानपणी आजोळी रानात जायची म्हणे, लग्नानंतर कधी गेली नाही. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

जुलैच्या मध्यात स्टॉकहोमला सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, आणि पूर्ण काळोख होतच नाही. मग इशा कधी? आपाच्या मोबाईलवर दोन वेगवेगळी वेळापत्रकं होती आणि दोन्ही पाळणारे लोक एकाच मशिदीत येतात. ज्या दिवसाला नेहमीचं मोजमाप लागू पडत नाही, त्या दिवशी वेळेचा अंदाज बांधा, या हदीसचा आधार घेऊन तिथल्या उलेमांनी मार्ग काढले. कुणी मक्केची वेळ धरतं, कुणी जवळच्या अक्षांशाची, कुणी रात्रीचे भाग पाडतं. आपल्याकडे ईदच्या चंद्रावरून एका गल्लीत दोन पक्ष पडतात आणि वर्षभर बोलत नाहीत. ती मशीदही बघण्यासारखी आहे. १९०३ च्या सुमाराचं जुनं वीजकेंद्र, २००० साली त्याची मशीद झाली, आणि शेजारच्या चौकाचं नाव 'नागरिकांचा चौक'.

आता कुणी म्हणेल, हा गोऱ्यांचं कौतुक करत सुटलाय. नाही. त्याच मशिदीबाहेर जून २०२३ मध्ये ऐन बकरी ईदच्या दिवशी कुरआन जाळला गेला, आणि तोही पोलिसांच्या परवानगीनं झालेल्या निदर्शनात. उत्तरेतल्या सामी लोकांना रेनडिअर चारायच्या जमिनीसाठी सरकारशी कोर्टात भांडावं लागलं. ब्रिटनमध्ये आम्ही पोहोचायच्या एक वर्ष आधी साऊथपोर्टच्या मशिदीवर जमावानं हल्ला केला होता. मँचेस्टरची बहीण अजून संध्याकाळी एकटी बसनं जाताना नवऱ्याला लोकेशन पाठवते. स्वर्ग कुठंच नाही. पण रानात चालायचा हक्क हा त्यांच्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे, आणि चांगली गोष्ट कुणाकडूनही घ्यावी.

नॉर्वेहून ब्रिटनला जहाजानं जायची माझी फार इच्छा होती. बर्गन ते न्यूकॅसल अशी फेरी होती, ती २००८ मध्ये बंद पडली. मग विमान. एडिंबरात शहराच्या मधोमध आर्थर्स सीट नावाची २५१ मीटरची टेकडी आहे, ती मी आणि मुलीनं चढली. स्कॉटलंडनं २००३ मध्ये कायदा करून जवळपास स्कँडिनेव्हियासारखाच हक्क लोकांना दिला. सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये आलात की चित्र बदलतं. तिथं २००० सालच्या कायद्यानं मोकळं फिरता येतं ते देशाच्या साधारण आठ टक्के जमिनीवर. बाकी ठिकाणी आखलेली पायवाट सोडली की तुम्ही घुसखोर. डार्टमूर या एका भागात तंबू ठोकायचा हक्क आहे की नाही, यावरून एक जमीनमालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये हरला.

आणि ते आठ टक्केसुद्धा कुणी आयते दिले नाहीत. मँचेस्टर आणि शेफिल्डच्या मधे किंडर स्काउट नावाचं पठार आहे, उंची ६३६ मीटर. शंभर वर्षांपूर्वी ते श्रीमंतांच्या शिकारीसाठी राखीव होतं. वर्षातले थोडे दिवस पक्षी मारायचे, आणि त्यासाठी वर्षभर सगळ्यांना बंदी. खाली गिरण्यांचा धूर, आठवड्यातून एक सुट्टी. २४ एप्रिल १९३२, रविवार. काही शे कामगार पोरं ठरवून वर चढली, राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन, मँचेस्टरच्या ज्यू कुटुंबातला, वय फक्त वीस. त्याला चार महिने. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, आणि १९५१ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते याच भागात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये. रॉथमनच्या वयाचे तुम्ही बरेच जण हे वाचत असाल.

याच पीक डिस्ट्रिक्टमधली दुसरी गोष्ट अलीकडची आहे. हारून मोटा नावाच्या एका ब्रिटिश मुस्लिम तरुणानं २०२१ मध्ये 'मुस्लिम हायकर्स' नावाचा गट सुरू केला. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत शंभराहून जास्त लोक मॅम टॉर या डोंगरावर गेले. बाया, पोरं, म्हातारी माणसं. फोटो इंटरनेटवर आले आणि शिव्यांचा पाऊस पडला. हे खरे गिर्यारोहक नाहीत, गर्दी करतात, डोंगर खराब करतात. ज्या डोंगरासाठी एका ज्यू पोरानं तुरुंग भोगला, तिथं मुस्लिम बायका दिसल्या तर काहींच्या पोटात दुखलं. त्यावर या गटानं ना माफी मागितली ना भांडण वाढवलं. त्यांनी पुढची तारीख जाहीर केली. मला हे उत्तर फार आवडलं.

आम्ही मॅम टॉरलाच गेलो. ५१७ मीटर उंच, पण गाडी बरीच वर जाते आणि पुढं दगडी फरशांची पायवाट आहे. नावाचा अर्थ 'आईचा डोंगर' असा सांगतात. अम्मीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग हळू चढू, आईच्या अंगावर चाललोय." चार वेळा बसली, एकदा रडकुंडीला आली, पण वर पोहोचली. वाऱ्यानं दुपट्टा उडत होता. येणारे-जाणारे मान हलवून नमस्कार करत होते आणि ती प्रत्येकाला सलाम घालत होती. वर तिनं बायकोला विचारलं, "दंडोबा किती उंच आहे गं?"

दंडोबा मिरजेजवळचा डोंगर. आमच्या घरापासून गाडीनं तासभरसुद्धा लागत नाही. चाळीस वर्षं मिरजेत काढून अम्मी तिथं गेली नव्हती. अडवलं कुणीच नव्हतं, पण 'चल' असंही कुणी म्हटलं नव्हतं. आपल्या बहुतेक घरांत बायकांच्या बाबतीत असंच घडतं. दार उघडं असतं आणि बाहेर जायला कारण नसतं.

दुसरी अडचण बाहेरची आहे, तीही सांगितली पाहिजे. कॉलेजात असल्यापासून मी सह्याद्रीत फिरतोय. गडावर अनोळखी लोकांशी मस्त गप्पा होतात, भाकरी वाटून खाल्ली जाते, आणि मग नाव विचारलं जातं. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण कधीकधी एक क्षण शांतता पसरते आणि मग प्रश्न येतो, "तुम्ही इकडं कसे काय?" यावर आपले काही मित्र लगेच इतिहासाची फाईल उघडतात. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, तोफखान्यात अमुक होता. हे खरं आहे आणि माहीत असावं. पण डोंगर चढायला तिकिटासारखा पुरावा दाखवावा, हे मला मान्य नाही. माझ्याबरोबरच्या कुलकर्ण्याला कुणी पूर्वजांची यादी मागत नाही. मी म्हणतो, "तुम्ही आलात तसाच. एसटीनं." बहुतेक लोक हसतात आणि गप्पा पुढं सुरू होतात.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या वन कायद्याप्रमाणं गुन्हा ठरू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पिढ्यान्पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना हक्क मिळाले, गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं ते सगळ्यात आधी मिळवले, आणि ते योग्यच आहे, कारण शहरी हौशीपेक्षा त्यांचा दावा मोठा आहे. पण गड, घाट, तळी, टेकड्या, गावची गायरानं असं पुष्कळ काही आजही सगळ्यांसाठी खुलं आहे. तिथं आपण दिसत नाही. जे दिसत नाहीत ते इथले नाहीत, असं समजणं मग लोकांना सोपं जातं. मोर्च्यात आपण हक्क मागतो, मागायलाच हवेत. पण जो हक्क आत्ता हातात आहे तो वापरायला रविवारी सकाळी पाचला उठावं लागतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या पोरांचा प्रॉब्लेम तिथं आहे.

युरोपला जा, असं मी कुणाला सांगत नाही. ते पैशाचं आणि नशिबाचं काम आहे. अम्मीला, बहिणीला, बायकोला घेऊन जवळच्या टेकडीवर जा. नुसत्या मित्रांना घेऊन नको, ते तुम्ही करताच. पाण्याची जास्तीची बाटली घ्या, वुजूलाही लागते आणि इतर कामालाही. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे हे आधी बघून ठेवा. निम्म्या बायका त्याच भीतीनं नाही म्हणतात आणि कारण गुडघ्याचं सांगतात. वरून खाली येताना आपलाच नाही, दुसऱ्याचाही कचरा उचला.

नोव्हेंबरात आम्ही दंडोबाला गेलो. अम्मीनं गल्लीतल्या अकरा जणींना तयार केलं होतं. त्यातल्या दोघींनी बुरख्याखाली नातवाचे स्पोर्ट शूज घातले होते, एकीचे दोन नंबरनं मोठे. मामूही आले, "सामान उचलायला कुणीतरी हवं" म्हणून. आता पन्हाळ्याचं ठरतंय. मिनीबस सतरा सीटची आहे, आणि अम्मीची यादी एकवीसवर गेली आहे.