सेंटर लाइन कुठे असते?

ड्रॉइंग हॉलच्या बाहेर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "अबे, शीट दे ना, जीटी मारतो!" काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्री दोनपर्यंत रेघेवर रेघ. सकाळी सरांची सही झाली की विषय संपला. रेघ म्हणजे टर्मवर्कचे मार्क, बस्स!

पण याच रेघेवर एका बाईंनी आख्खं आयुष्य काढलं. त्यांचं नाव नसरीन मोहमदी. जन्म १९३७, कराचीचा. लहानपणीच मुंबईत आल्या, लंडनला कला शिकल्या, १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवलं, आणि १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. त्यांच्या गाजलेल्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घरसुद्धा नाही. कागदावर फक्त पेन्सिलीच्या आणि शाईच्या रेघा. आर्किटेक्ट लोकांसारखं ड्राफ्टिंग टेबल आणि मोजमापाची उपकरणं घेऊन त्या काम करत. आर्किटेक्चरची डिग्री त्यांच्याकडे नव्हती, पण नजर तशीच तयार झालेली. फत्तेपूर सिक्री, रस्ते, मागावर ताणलेले धागे यांचे फोटो त्यांनी काढले आणि हयातीत ते कधी प्रदर्शनात मांडले नाहीत.

त्यांची चित्रं कॉम्प्युटरवर रूममेटला दाखवली. तो म्हणाला, "काहून बे, ही तं आपली फर्स्ट इयरची शीट होय!" त्याचं अर्धं बरोबर आहे. हत्यारं तीच. पण आपली रेघ वस्तूला बांधलेली असते. जाड रेघ म्हणजे दिसणारी कड, तुटक रेघ म्हणजे लपलेली कड, आणि वर्कशॉपमधल्या फिटरने ती तशीच वाचली पाहिजे. नसरीनबाईंची रेघ कोणत्याच वस्तूची नाही. रेघांमधलं अंतर हळूहळू कमी होतं, एखादी तिरपी रेघ पुसट होत जाते, आणि सपाट कागदाला खोली येते.

अॅब्स्ट्रॅक्टला मराठीत 'अमूर्त' म्हणतात. शब्द जड आहे, पण जरा विचार करा. शाफ्टची सेंटर लाइन शाफ्टवर कुठे असते? फाइलने घासली तरी सापडणार नाही! ती फक्त आपल्या डोक्यात असते, तरी तिच्याशिवाय शाफ्ट बनत नाही. म्हणजे अमूर्त चित्र आपण पहिल्या सेमपासूनच काढतोय की!

आर्किटेक्चर आणि अमूर्त चित्र यांचं नातं तसं जुनंच. रशियाचा एल लिसिट्स्की १९०९ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटला आर्किटेक्चर शिकायला गेला. १९१९ पासून त्याने 'प्रौन' नावाची चित्रं केली. हवेत तरंगणारे ठोकळे, आपल्या आयसोमेट्रिकच्याच जातीचे, पण राहायला कोणी जाणार नाही अशा इमारती.

हे सगळं मोठ्या शहरांचं, आपल्याला काय त्याचं, असं कोणी म्हणेल. मी वलगावचा. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर वावरात उभे-आडवे काकर पाडतात आणि फुली पडेल तिथे सरकी टोबतात. कपाशी उगवेपर्यंत वावरात नुसत्या रेघाच असतात. आणि अमूर्त चित्रकार अंबादास १९२२ मध्ये आपल्या अकोल्यातच जन्मले, गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात.

दुसरा आक्षेप ऑटोकॅडचा. कमांड दिली की रेघ येते, मग हात कशाला काळे करायचे? कबूल. पण रेघ कुठे हवी आणि कुठे नको, हे ऑटोकॅडला कोण सांगणार? जीटी मारणाऱ्याच्या हाताला तेवढंच कधी ठरवावं लागत नाही. शेवटच्या वर्षांत नसरीनबाईंचा आजारामुळे हालचालींवरचा ताबा जात होता. तरी कागदावरची त्यांची रेघ थरथरली नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला मेट ब्रॉयर हे संग्रहालय उघडलं, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत त्यांच्या या रेघा होत्या.

म्हणून सरांना एक नम्र विनंती. टर्मवर्कमध्ये एक शीट अशी ठेवा की जिला प्रश्नच नसेल. वस्तू नाही, माप नाही, फक्त वीस रेघा. आणि व्हायवात एकच विचारा: ही रेघ इथेच का? त्या शीटची जीटी मारता येईल हो, पण उत्तराची कशी मारणार?

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल