चावी हातात पडण्यापूर्वी

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. लग्न करून आम्हांला बारा वर्षं झाली, घर अजून बांधायचंच आहे. पण परमुलखात सहा दिवसांसाठी घर भाड्यानं घेऊन मात्र पाहिलं! त्याचीच हकीकत आज सांगते. कारण दोघी-तिघी मैत्रिणींनी विचारलं, ‘‘अगं, तिकडे हॉटेलात न उतरता घर मिळतं म्हणे, ते कसं गं शोधायचं?’’

जायचं ठरलं ते पोर्तुगालच्या लिस्बनला. माझ्या दोन भिश्यांचे पैसे आणि अर्धवेळ नोकरीच्या पगारातून बाजूला टाकलेली पुंजी, एवढ्यावर बेत आखलेला. भाऊबीज आटोपली की निघायचं, मुलाला सासूबाई सांभाळणार. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो. म्हणून पैशांइतकीच ते सहा दिवस वाया जाण्याचीही धास्ती होती.

ह्यांनी एका रात्रीत घर शोधून काढलं. आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत, खिडकीतून नदी दिसतेय, पांढरेशुभ्र पडदे आणि भाडं इतरांच्या निम्मं! मालकाचा निरोपही लगेच आला : बुकिंगच्या संकेतस्थळावरून पैसे भरू नका, थेट माझ्या बँकेच्या खात्यात पाठवा, दहा टक्के सूट देतो. हे पैसे पाठवायला बसलेच होते. मी म्हटलं, ‘‘अहो, थांबा जरा. भाजीवाला न मागता भाव उतरवतो, तेव्हा आपण टोपलीच्या तळाशी हात घालून बघतो ना?’’ झालं! ‘तुझा मेला कुणावर विश्वासच नसतो’ इथपर्यंत प्रकरण गेलं.

पोर्तुगालमध्ये पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी द्यायच्या घराची सरकारदरबारी नोंद करावी लागते. ह्या प्रकाराला ‘आलोजामेंतु लोकाल’ म्हणतात आणि नोंदणी क्रमांकाला ‘एएल’ ही अक्षरं जोडलेली असतात. ही नोंदवही पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. जाहिरातीतला क्रमांक मी तिथं घालून पाहिला, तर तो निघाला दूर दक्षिणेच्या समुद्रकाठच्या भलत्याच घराचा! हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच उठून चहा टाकला.

तेव्हा मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही, की आधी क्रमांक पाहा, पडदे मागाहून. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून आणि स्पेनमध्ये १ जुलै २०२५ पासून अशा घरांना देशपातळीवरचा क्रमांक सक्तीचा झाला आहे. आणि पैसे संकेतस्थळावरूनच भरा. बाहेरून पाठवलेल्या पैशांची दाद कुणाकडे मागणार?

दुसरी गोष्ट हिशेबाची. दिसतं ते भाडं वेगळं, साफसफाईचे पैसे वेगळे. समजा, साफसफाईचे ६० युरो असले, तर दोन रात्रींसाठी रोजचे ३० वाढतात, सहा रात्रींसाठी दहाच. म्हणून दोन दिवस राहायचं तर हॉटेल बरं. चार-पाच दिवसांच्या पुढे घर परवडतं. शिवाय लिस्बनचा पर्यटककर सप्टेंबर २०२४ पासून माणशी रोजचे ४ युरो आहे, जास्तीत जास्त सात रात्रींचा. आम्हां दोघांना सहा रात्रींचे ४८ युरो पडले.

तिसरी गोष्ट, बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. पण व्हिसा मिळेलच असं नाही, आणि निकालाला साधारण १५ दिवस, कधी ४५ दिवससुद्धा लागतात. बुकिंगच्या कागदावर नवरा-बायको दोघांचीही नावं घालून घ्या, पासपोर्टवर आहेत तशीच.

दुसरं घर मिळालं तेही आल्फामातच. पण ह्या खेपेला मालकीणबाईंना मी आधी प्रश्नांची यादीच पाठवली. मजला कितवा? लिफ्ट आहे का? शेगडी कसली? कपडे वाळत कुठं घालायचे? हिवाळ्यात खोली गरम करायला काय आहे? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. तिकडची जुनी घरं उन्हाळ्याच्या हिशेबानं बांधलेली; नोव्हेंबरात दगडी भिंतींतून गारठा उतरतो. बाईंनी खरं ते कळवलं : तिसरा मजला, लिफ्ट नाही, अठ्ठावन्न पायऱ्या, विजेचा एक हीटर. आम्ही एकेक लहान बॅग घेतली आणि होकार कळवला. पत्त्यात ‘३ एस्क.’ असं होतं. एस्क. म्हणजे डावीकडचं घर. मजले मात्र आपल्यासारखेच मोजतात, तळमजल्याच्या वरचा तो पहिला.

पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा, वर पाऊस. दाराशेजारच्या पेटीतून चावी काढली, पण कुलूप काही उघडेना. ह्यांची खटपट ऐकून समोरच्या दारातून एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. ‘‘शाव, शाव,’’ म्हणत त्यांनी चावी घेतली, दार स्वतःकडे ओढून धरलं, दोनदा फिरवली आणि दार उघडलं. शाव म्हणजे काय, ते मला अंथरुणावर पडल्यावर उमगलं. अहो, चावी! आपली चावी, बटाटा, पाव, पगार हे सगळे त्यांच्याकडूनच तर आलेले.

आत जाताना त्यांनी आमच्या बॅगेच्या चाकांकडे बोट दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी सांगितलं, की त्या जिन्यावर कायमची राहणारी आता तीनच बिऱ्हाडं उरलीत. आल्फामासारख्या वस्त्यांत २०१८ साली नगरपालिकेनं अशा घरांच्या नव्या नोंदण्या थांबवल्या, त्या ह्याच कारणानं. बार्सिलोनाच्या महापौरांनी तर पर्यटकांच्या सगळ्या घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याची घोषणा जून २०२४ मध्येच केली आहे. आपण सहा दिवसांचे पाहुणे, त्या बाई जन्माच्या रहिवासी. परतीच्या पहाटे आम्ही दोन्ही बॅगा अठ्ठावन्न पायऱ्या हातात धरून उतरवल्या.

आता खरं सांगू? लिस्बनमध्ये पाहिलं ते पुष्कळ. पण मनात राहिली ती एक संध्याकाळ. बाहेर पाऊस कोसळत होता म्हणून निघालोच नाही. मार्तीम मोनीझ भागातल्या वाण्याकडून तुरीची डाळ आणली होती. हे कांदा चिरत होते, मी वरणाला फोडणी देत होते, काचेवर पावसाचं पाणी ओघळत होतं. मध्येच हे म्हणाले, ‘‘किती वेळ झाला गं, आपल्याला कुणी हाकच मारली नाही!’’

हॉटेलात ही संध्याकाळ मिळाली नसती. म्हणून घरच घ्या, पण नीट पारखून!