शेजाऱ्याच्या कुत्र्यानं मांजर फाडली, भरपाई कोण देणार?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात मांजर हौसेची नसते. घरातलं धान उंदरांपासून तीच राखते. कुत्र्याचंही तसंच. जागलीला सोबत म्हणून, रानडुक्कर हाकलायला, बिबट्याची चाहूल लागावी म्हणून तो लागतोच. पण रात्री मोकळा सुटलेला कुत्रा शेजाऱ्याची मांजर फाडतो आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं. अशा वेळी कायदा काय म्हणतो?

बहुतेक जण आधी पोलीस ठाण्यात जातात. पाळीव जनावराबाबत हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे कलम माणसाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचं आहे. २०२० मध्ये मुंबईत दुचाकीच्या धडकेत कुत्रा मेला, त्या प्रकरणात उच्च न्यायालयानं हेच सांगितलं. मालकाला कुत्रा-मांजर लेकरासारखे असले तरी माणसासाठीची कलमं त्यांना लावता येत नाहीत.

मग कुत्र्याचा मालक सुटला का? नाही. कुणी मुद्दाम कुत्रा अंगावर सोडून मांजर मारली, तर कलम ३२५ लागू शकतं. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र मुद्दाम केलं हे दाखवावं लागतं.

मुद्दाम नसेल, नुसता निष्काळजीपणा असेल, तर वाट दिवाणी भरपाईची. कायद्याच्या नजरेत मांजर ही तुमची मालमत्ता. औषधपाण्याचा खर्च आणि मांजर मेली तर तिची किंमत मागता येते. त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, मांजर याच कुत्र्यानं फाडली. दोन, कुत्रा असा धावतो हे मालकाला माहीत असूनही त्यानं बांधला नाही. आधी कोंबडी, बकरी धरली असेल आणि तुम्ही तेव्हा लेखी सांगितलं असेल, तर बाजू भक्कम होते. मांजरच त्याच्या अंगणात शिरली असेल तर दावा लंगडा पडतो.

म्हणून घटना घडली की मोबाईलवर फोटो काढा, पाहणाऱ्यांची नावं लिहून ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून उपचाराचा कागद घ्या.

खरं सांगायचं तर एका मांजरीसाठी कोर्टाच्या चकरा परवडत नाहीत. आधी तंटामुक्त समितीकडे जा. तिथं जमलं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथली तडजोड कोर्टाच्या निकालासारखीच बांधते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

कुत्रा बेवारस असेल तर शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेचं काम आहे. तो विषय ग्रामसभेत मांडा.

आणि रागाच्या भरात कुत्र्याला विष घालू नका. त्याला तेच कलम ३२५ लागतं. मांजर तुमची गेली आणि आरोपीही तुम्हीच, असं व्हायला नको. कुत्रेवाल्यांनीही समजून घ्यावं. शेतावर कुत्रा मोकळा ठेवा, गावात आला की साखळी घाला. साखळीचा खर्च भरपाईपेक्षा कमीच आहे.