नाव कुणी ठेवलं?

दोस्तहो, आधी हिशेब मांडतो. जुना 'डंबो' 1941 चा, 64 मिनिटांचा. नवा 2019 चा, टिम बर्टनचा, जवळपास दोन तासांचा. जुन्यात हत्तीचं ते पिल्लू एक शब्द बोलत नाही, तरी सगळं सांगून जातं. नव्यात माणसंच बोलबोल बोलतात आणि पिल्लू कोपऱ्यात उभं. डिस्नेने पैसा ओतला, जीव ओतायला विसरले.

दोन्ही मी भाच्याबरोबर पाहिले. जुना पाहताना पोरगं विचारतं, "मामा, त्याला डंबो नाव कुणी ठेवलं?"

मी सांगितलं, बघ त्या हत्तिणी. पोराचं खरं नाव जंबो ज्युनियर. मोठे कान दिसले तशा कळपातल्या त्या खानदानी बाया खिदळल्या आणि हे नाव त्याला चिकटवलं. इंग्रजीत डंब म्हणजे मठ्ठ. आई पोराला छळणाऱ्यावर धावून गेली, तर तिलाच पिसाळलेली ठरवून कोंडली. या बायांनी पोराकडे पाठी फिरवल्या. त्याला विदूषकांत ढकलल्यावर तर शपथच घेतली, की आजपासून हा हत्तीच नाही. याला आपल्या गावात काय म्हणतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी नवा लावला. इथे प्राणी बोलत नाहीत, तेव्हा त्या हत्तिणींची पंचायतही नाही. सर्कशीत गोंधळ होतो, पाटीवरचं अक्षर घसरतं आणि जंबोचा डंबो होतो. भाचा म्हणाला, "मामा, यात कुणीच नाव नाही ठेवलं. पाटी पडली." सात वर्षांच्या पोराला कळलं ते टिम बर्टनला कळू नये? अपमान करणारा कुणीतरी असतो. नव्या चित्रपटाने त्यालाच गाळला आणि अपमानाचा अपघात केला.

जुना धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. त्यात रात्री पावसात तंबू ठोकणारे काळे मजूर आहेत, त्यांना चेहरेच नाहीत. आपण अडाणी आहोत हे त्यांच्याच तोंडून गाऊन घेतलंय. कावळ्यांच्या म्होरक्याला स्टुडिओने नाव दिलं होतं जिम क्रो. अमेरिकेत काळ्यांना वेगळं बसवणारे कायदे याच नावाने ओळखले जात. आवाज दिला गोऱ्या नटाने. त्याच वर्षी मे महिन्यात डिस्नेचे चित्रकार संपावर गेले. पडद्यावर विदूषक दारू पिऊन मालकाकडे पगारवाढ मागायला निघतात. ती संपकऱ्यांचीच टिंगल, असं मानलं जातं.

पण त्याच चित्रपटात ते कावळेच पोराच्या मदतीला येतात. आधी हसतात. मग उंदीर पोराची कहाणी सांगतो, तसे गहिवरतात, माफी मागतात, हातात एक पीस देऊन त्याला उडायला लावतात. ज्यांची जग टिंगल करतं त्यांनी दुसऱ्या टिंगल झालेल्याला ओळखलं. सगळ्या चित्रपटाचा जीव तिथे आहे.

नव्यात कावळे गायब. त्यांना काळ्या नटांचा आवाज देता आला असता, मान देता आला असता. पण तेवढं डोकं कोण चालवणार? डाग धुण्याऐवजी माणसंच बाहेर काढली. आपल्या देशाचा एकजण मात्र त्या सर्कशीत आहे. रोशन सेठ. कोण म्हणून? गारुडी! कावळे गेले, पुंगी राहिली.

आणखी एक गंमत. गोष्टीत बडा मालक छोटी सर्कस विकत घेतो आणि तिथल्या कलावंतांना घरी बसवतो. चित्रपट आला मार्च 2019 मध्ये. त्याच महिन्यात डिस्नेने फॉक्स गिळली. मालकावरची टीकासुद्धा मालकच तिकीट लावून विकतो.

शेवटी मायलेकरं जंगलात सुटतात. सुटोत, आनंद आहे. पण जुन्यात डंबो उडता उडता सोंडेतून शेंगदाण्यांचा मारा करतो, त्या शपथ घेणाऱ्या हत्तिणींवर! तिथे भाचा टाळ्या वाजवत उठला होता. नव्यात तो झोपला.

चित्रपट काढणाऱ्यांनो, जुना अपमान दुरुस्त करायचाय ना? मग पाटी पाडू नका. नावं ठेवणाऱ्यांची नावं घ्या.